गौतम साळवेनं माफ केलं नाही

गौतम साळवे गेला, त्यानंतर पिंपळे गुरवच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. वंदना झाली, दोघेतिघे नातेवाईक बोलले. मग प्रभागातला एक तरुण कार्यकर्ता माइक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ज्यांनी आपला हात गेला तरी गुन्हेगाराला हसत हसत माफ केलं, ज्यांच्यावर सिनेमा निघाला, ते आपले क्षमाशील साळवेकाका!"

गौतमची बायको, कुसुमवहिनी, अगदी पुढं बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून मला शोधलं. कार्यक्रम संपल्यावर माझ्या हातात चहाचा कप देताना म्हणाल्या, "सायेब, हे कवा झालं हो? मला तर ते काईच बोलले न्हाईत."

म्हणून हे लिहितो आहे. गौतम साळवेनं मला माफ केलेलं नाही. कादंबरीत केलं, मालिकेत केलं, सिनेमात तर मरता मरता केलं. प्रत्यक्षात केलं नाही.

गौतम माझ्या हाताखाली पॉवर प्रेसवर ऑपरेटर होता. मी सुपरवायझर. पिंपरीत आमची कंपनी गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट काढायची. तो हिंगोलीकडचा. इथं आला तेव्हा संत तुकाराम नगरात एका नातेवाइकाकडे राहायचा. उंचीनं बेताचा, अंगानं काटक, आणि कपाळाला एक कायमची आठी. ती आठी रागाची नव्हती. समोरचा बोलतोय ते खरं की खोटं, याचा हिशेब तिच्यात चाललेला असायचा.

एवढा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. कँटीनमध्ये तो प्रत्येक चपाती उलटी करून बघायचा. किती वाजले ते एकाला विचारलं की खात्रीसाठी दुसऱ्याला विचारायचा. दिवाळीला कंपनीनं मिठाईचे बॉक्स वाटले तेव्हा सगळ्यांनी सह्या करून घेतले. गौतम टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "कामून?"

"अरे, दिवाळी आहे," मी म्हणालो.

"दिवाळी गेल्या वर्षी बी होती. तवा न्हाई दिला. औंदा कामून?"

मागच्या रांगेतला शिंदे ओरडला, "ए गौतमभाऊ, घे की राव! का आता लाडवाचं पोलीस व्हेरिफिकेशन करतो?" हा शिंदे मावळातला, तोंडानं मोकळा, गौतमच्या शेजारच्या प्रेसवर काम करायचा. गौतमनं बॉक्स घेतला, उघडला, सगळ्यांसमोर एक लाडू फोडून आत पाहिलं आणि मगच सही केली. त्याच आठवड्यात बोनस कमी केल्याची नोटीस लागली. गौतमनं नोटीस वाचली. फक्त शिंदेकडं बघितलं. शिंदेनं पुढं कितीतरी दिवस त्याला पोलिसावरून चिडवलं नाही.

त्याच्या या स्वभावाचा खरा उपयोग प्रेसवर व्हायचा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही बाजूंना एकेक. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा जड भाग खाली येतो. म्हणजे प्रेस चालते तेव्हा दोन्ही हात बाहेर, सुरक्षित. पण अशानं माल कमी निघतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये एक बटण बांधून ठेवायची पद्धत होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची नाहीतर पाचर ठोकायची. मग एका हातानं दुसरं बटण दाबत राहायचं आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवायचा. हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, सगळेच करायचे. आजही चाकणच्या छोट्या शेडमधून करतात.

गौतम करायचा नाही. पाळी सुरू होताना तो आधी नुसतं डावं बटण दाबायचा. मग नुसतं उजवं. प्रेस हलली नाही की मग दोन्ही. त्यानंतरच पत्रा हातात घ्यायचा. त्यामुळे त्याचा माल नेहमी सगळ्यांत कमी आणि माझी कटकट नेहमी त्याच्यामागं. पण बोटं शाबूत असलेल्या ऑपरेटरांत तो सगळ्यांत जुना होता, हेही मला दिसत होतं.

त्या दिवशी पहिल्या पाळीत माल कमी पडला. गेटवर गाडी उभी होती आणि वरून सारखे फोन येत होते. ट्यूबची पट्टी बांधली तर पाहणीला येणाऱ्यांना दिसते. म्हणून मी इलेक्ट्रिशियनला प्रेसचं मागचं पॅनल उघडायला लावलं आणि उजव्या बटणाची वायर आतूनच जोडून घेतली. आता ते बटण कायम दाबलेलंच होतं आणि बाहेरून काही कळत नव्हतं. पहिल्या पाळीच्या माणसानं तशीच प्रेस चालवली आणि तो घरी गेला. गौतम आला, हात पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सायेब, बटण सुटं हाय ना?"

तो नेहमीप्रमाणे तपासून बघणारच होता. तपासलं असतं तर लक्षात आलं असतं, वायर सोडावी लागली असती आणि गाडी थांबली असती.

मी म्हणालो, "हो रे, सुटं आहे. गाडी उभी आहे बाहेर. चालव."

आयुष्यात त्यानं एकदाच दुसऱ्याच्या शब्दावर काम सुरू केलं. डावा तळवा बटणावर ठेवून तो उजव्या हातानं पत्रा नीट लावत होता. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस पडत नाही, हे त्याच्या हातांना माहीत होतं. प्रेस पडली. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. गौतम तेव्हा दवाखान्यात होता. पॅनल कोणी उघडलं, असं मला विचारलं. मी म्हणालो, त्यानंच उघडलं असावं, जास्त माल काढायची घाई असेल. ज्याचा माल सगळ्यांत कमी, त्याला घाई! केबिनमध्ये बसलेल्या कोणालाही हे पटण्यासारखं नव्हतं. पण सगळ्यांना सोयीचं होतं. इलेक्ट्रिशियन गप्प राहिला. शिंदे आणि बाकीचे ऑपरेटर तर चौकशीत आलेच नाहीत. बेशिस्तीचा ठपका ठेवून गौतमला काढलं. शॉपमधला सगळ्यांत सावध माणूस कंपनीच्या दप्तरी निष्काळजी ठरला.

पुढं त्यानं पिंपळे गुरवला कुकर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी त्या रस्त्यानं जायचं टाळायचो. जावंच लागलं तर स्कूटर अलीकडच्या गल्लीत वळवायचो. तो युनियनकडं जाईल, कोर्टात जाईल, माझ्या घरी येऊन उभा राहील, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. तो आला नाही. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढायचा. गप्प का आहे? काय जमवतोय?

एकदा माझ्या बायकोनं, तिला काही माहीत नसताना, आमचा कुकर नेमका त्याच्याकडं दुरुस्तीला टाकला. लग्नातला कुकर, त्यावर माझं नाव कोरलेलं. दोन दिवसांनी ती कुकर घेऊन आली आणि म्हणाली, "माणूस विचित्र आहे हो. झाकणावरचं नाव वाचलं आणि विचारलं, पेंडसे म्हणजे प्रेस शॉपचे का? मी हो म्हटलं. मग म्हणाला, उद्या न्या. आज आणायला गेले तर शिट्ट्या होईपर्यंत मला समोर उभं ठेवलं."

मी तो कुकर वापरू दिला नाही. त्यानं व्हॉल्व्हमध्ये काही केलं असेल या भीतीनं तो माळ्यावर टाकला आणि बायकोला सांगितलं की गळतोय. ती म्हणाली, "माझ्यासमोर तीन शिट्ट्या झाल्यात. गळतोय कुठे?" मी नवीन कुकर आणला. बायको गेली तरी तो माळ्यावरच होता.

निवृत्तीनंतर मी चाकणला एक काम सुरू केलं. प्रेसवर बोटं गेलेल्या मुलांना दुसरं काम मिळवून द्यायचं, त्यांच्या मालकांच्या मागं लागायचं. चांगलं काम होतं, मुलांना उपयोग झाला. पण ते मी कशासाठी करतो, याबद्दल मला स्वतःचीच खात्री नव्हती, अजूनही नाही. त्या कामावर वर्तमानपत्रात लहानसं काही आलं आणि ते वाचून एक लेखिका भेटायला आल्या. पुण्याच्या, शांत बोलणाऱ्या. आठ-दहा वेळा आल्या. हे काम का सुरू केलंत, असं त्यांनी विचारलं. आणि मी, का कोण जाणे, गौतमचं सांगितलं. सगळं नाही. बटणाचं सांगितलं, चौकशीचं गाळलं.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "आणि त्यांनी तुम्हाला माफ केलं?"

 त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "हो. म्हणजे, तसंच."

त्यातून 'उजेडाची पाळी' ही कादंबरी झाली. तिच्यात सुपरवायझर दारुडा आहे. नशेत वायर सोडायची विसरतो, त्याच्यामुळे एका कामगाराचा हात जातो. मग तो दारू सोडतो, आयुष्यभर अपंगांची सेवा करतो, आणि शेवटी तो कामगार आपल्या तुटक्या हातानं त्याचे डोळे पुसतो. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. लेखिकेला तसं सांगितलं तर म्हणाल्या, "पण वाचकाला कारण लागतं ना." मी मान डोलावली. मनातून बरंही वाटलं. दारू सोडता येते, लोक टाळ्या वाजवतात. गाडी उभी होती म्हणून खोटं बोललो, हे कोणत्या प्रकरणात सोडणार?

कादंबरी फार खपली. शाळा-कॉलेजांत वाचली गेली. मला सत्काराची बोलावणी येऊ लागली आणि मी जाऊही लागलो.

गौतमपर्यंत ती त्याच्या मुलीमुळे पोचली. मुलगी प्रज्ञा हिंजवडीत नोकरीला. तिनं पुस्तक आणलं आणि म्हणाली, पप्पा, यात तुमच्यासारखं काहीतरी आहे. त्यानंतर चार दिवसांनी मला फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखू यायचं कारण नव्हतं, पण पहिल्याच शब्दाला ओळखला.

"कामून?" तो म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. गौतम समोरच्या स्टुलावर बसला होता. कुकरचं झाकण मांडीत धरून तो अंगठा आणि करंगळीनं गॅस्केट बसवत होता. केस पांढरे झाले होते. कपाळाची आठी तशीच.

"बसा," तो म्हणाला. "म्या तुमाला माफ कामून केलं, तेवढं सांगा. पुस्तक दोनदा वाचलं. मला कारण सापडंना."

"ती कादंबरी आहे, गौतम. लेखिकेनं..."

"लेखिकेला कोनी सांगितलं?"

मी त्याच्या मांडीतल्या झाकणाकडं बघत राहिलो. त्यानं झाकण लावलं, कुकर शेगडीवर ठेवला आणि शिटीची वाट बघत बसला. शिटी झाल्यावर तो म्हणाला, "तुमचा कुकर वापरला न्हाई ना तुमी?"

माझा चेहरा पाहूनच त्याला कळलं.

"वाटलंच मला. बदललेला व्हॉल्व्ह चांगला होता. जुना नकली होता, फुटला असता." मग जरा हसून म्हणाला, "तुमच्या जागी मी बी वापरला नसता."

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "सायेब, मला माफीबिफीचं काई न्हाई. ते तुमचं तुमी बघा. पण पॅनल म्या उघडलं न्हाई. हे तुमाला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. शॉपमधल्या लोकांना म्हाईत व्हायला पायजे. बस, एवढंच."

एवढंच. मी 'बघू' म्हणालो आणि घरी आलो. पाहिलं काहीच नाही.

मग टीव्हीवर मालिका आली. मालिकेत सुपरवायझर निर्व्यसनी झाला आणि सगळा दोष एका जाड्या मालकावर गेला. मालक सिगार ओढत हुकूम सोडतो आणि सुपरवायझर रडत रडत वायर जोडतो. गौतमच्या शेजारच्या बायका रोज संध्याकाळी त्याच्याच घरी बघायला जमायच्या. कुसुमवहिनींनी मला नंतर सांगितलं, बायका रडायला लागल्या की हे उठून बाहेर जायचे. एकदा मात्र बसून राहिले. पडद्यावर कामगाराची खोली दाखवली होती आणि भिंतीवर विठोबाची मोठी तसबीर होती.

"आपल्या भिंतीवर विठोबा कवा आला?" गौतम म्हणाला.

शेजारीण म्हणाली, "अहो भाऊ, टीव्हीत दाखवायचं असतंय तसं."

"मग बुद्ध कुठं गेला? आन् हे बघ, हात बी डावा केलाय. माझा उजवा गेलाय."

"त्या हिरोला जेवायला लागत असंल उजवा," शेजारीण म्हणाली.

"मग मी कशानं जेवतो?"

हा किस्सा वहिनी हसत हसत सांगायच्या.

सिनेमा निघाला तेव्हा निर्मात्यांनी मला पहिल्या खेळाला बोलावलं. चिंचवडच्या थिएटरात मी पहिल्या रांगेत बसलो. सिनेमात आता मालकाचाही दोष नव्हता. कामगार मोबाइलवर मुलीशी बोलत बोलत प्रेसमध्ये हात घालतो. सुपरवायझर धावत जाऊन त्याला ओढतो, स्वतःही जखमी होतो, आणि तरीही आपल्याला वाचवता आलं नाही म्हणून आयुष्यभर झुरतो. शेवटी कामगार आजारी पडतो, सुपरवायझरच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणतो, तुमचा काही दोष नव्हता, आणि प्राण सोडतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रत्येक आवृत्तीत माझा गुन्हा थोडा पातळ होत गेला होता, आणि आता तो पुरता गौतमच्या नावावर चढला होता.

आठवड्याभरात गौतम माझ्या घरी आला. पहिल्यांदाच. दारात उभा राहून त्यानं आधी कडी बघितली, मग आत बघितलं, मग चपला काढल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"जावई इचारतो," तो म्हणाला. "मामा, खरंच मोबाइलवर बोलत व्हता का? मी म्हणलो, बाबा, तवा मोबाइल कुठं व्हता? आमच्या आळीत साधा फोन नव्हता. तर हसला. म्हणतो, तसं न्हाई मामा, म्हंजे लक्ष दुसरीकडं व्हतं का?" तो थांबला. "सायेब, माझ्या जावयाला वाटतं, चूक माझी होती. उद्या माझ्या पोरीला वाटंल. मेलो की सगळ्यांनाच तेच खरं वाटंल."

"काय करू सांग," मी म्हणालो. मला त्याच क्षणी असंही वाटलं, की आता हा काहीतरी मागणार. इतक्या वर्षांची सवय.

"जुन्या कामगारांचा मेळावा हाय ना, संत तुकाराम नगरच्या हॉलात. तुमचा सत्कार हाय म्हणं. तिथं सांगा. पेपरात नको, टीव्हीत नको. टीव्हीवाले त्याचं बी काईतरी करतील. ज्यांनी प्रेस चालवली त्यांच्यापुढं सांगा."

मी 'हो' म्हणालो. त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. हा शब्द त्यानं माझ्याकडून आधी ऐकलेला होता. "बघू," तो म्हणाला, आणि चपला घालून गेला.

मेळाव्याला तो प्रज्ञाला घेऊन आला. कुसुमवहिनींना बरं नव्हतं. तो बसला मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. सूत्रसंचालन खैरनार करत होता. जुना युनियनचा माणूस, माइक हातात आला की सोडायचा नाही. "ज्यांच्या जीवनावर सिनेमा निघाला," तो गरजला, "आपल्या प्रेस शॉपचे हिरो, पेंडसेसाहेब!" शाल दिली, नारळ दिला. नारळ कुठं ठेवावा ते कळेना, तो तसाच काखेत धरून मी माइकसमोर उभा राहिलो.

मी सांगितलं. वायर मी जोडायला लावली. गौतमनं विचारलं, मी खोटं बोललो. चौकशीत त्याच्यावर ढकललं. 

 मग टाळ्या सुरू झाल्या. आधी दोघेतिघे, मग सगळा हॉल. कोणीतरी ओरडलं, "याला म्हणतात मोठेपणा!" एक जण वर येऊन माझ्या पाया पडायला वाकला. मला कळत होतं की हे चुकलं आहे, पण काय करावं ते कळत नव्हतं. सिनेमा अजून चालूच होता.

गौतम उठून उभा राहिला.  टाळ्या वाजत राहिल्या आणि तो उभा राहिला. हळूहळू त्या थांबल्या.

"टाळ्या कामून?" तो म्हणाला.

खैरनार माइकवरून म्हणाला, "अहो साळवेभाऊ, एवढं मोठं मन करून साहेबांनी..."

"खैरनार, तू बस जरा." मग माझ्याकडं बघून, "सायेब, परत सांगा. मी इचारतो, तुमी सांगा. आन् टाळ्या वाजवू नका रं कोनी."

त्यानं जागेवरूनच विचारायला सुरुवात केली.

"पाळी सुरू होताना म्या काई इचारलं का?"

"हो."

"काय?"

"बटण सुटं आहे ना, असं."

"तुमी काय म्हणलात?"

"सुटं आहे म्हणालो."

"होतं का?"

"नव्हतं."

"तुमाला म्हाईत होतं का?"

"हो."

"पॅनल म्या उघडलं का?"

"नाही. मी उघडायला लावलं."

"मी निष्काळजी होतो का?"

इथं मी शाल डोळ्यांना लावली. तो म्हणाला, "रडू नका. रडलं की लोकांचं ध्यान तिकडं जातं. सांगा."

"नाही," मी म्हणालो. "शॉपमध्ये तुझ्याइतकं काळजीनं काम करणारा कोणी नव्हता."

"तेवढं इचारलं नव्हतं म्या. 'न्हाई' म्हणा नुसतं."

"नाही."

"बास," गौतम म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या मुलीकडं बघितलं. प्रज्ञा खाली मान घालून ऐकत होती. तिनं मान हलवली. तो खाली बसला.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. खैरनारला शांतता सहन होईना. "मंडळी," तो म्हणाला, "हा ऐतिहासिक क्षण आहे. आता साळवेभाऊंनी स्टेजवर यावं आणि साहेबांशी गळाभेट व्हावी, अशी मी विनंती..."

"न्हाई," गौतम म्हणाला.

"अहो, फोटोपुरती."

"फोटोपुरती तर मुळीच न्हाई."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. गौतम हसला नाही, पण त्याच्या कपाळावरची आठी मी तेव्हा पहिल्यांदा थोडी सैल पाहिली. की मला तसं वाटलं. याबद्दल मी शपथ घेणार नाही.

जेवणं मागच्या बाजूला होती. लांब टेबलं, पत्रावळ्या, मसालेभात, जिलेबी. मला कोणी बस म्हणेना आणि मीही कोणाकडं गेलो नाही. गौतम एका बाकावर मुलीशेजारी बसून जेवत होता, डाव्या हातानं. तेवढ्यात शिंदे आला. पत्रावळ हातात, पण बसायला धजत नव्हता. आता त्याचे सगळे केस गेले होते.

"गौतमभाऊ," तो म्हणाला, "आमाला म्हाईत व्हतं रं. इलेक्ट्रिशियन पॅनलपाशी व्हता, आमी पायला व्हता त्याला. आमी बोललो न्हाई."

"ठावं होतं मला," गौतम म्हणाला.

"मग तू बी कधी बोलला न्हाई."

"तुमच्याकडून ऐकायचं होतं."

शिंदे तसाच उभा राहिला. पत्रावळीवरचा रस्सा कलंडून त्याच्या बोटांवर ओघळत होता. "राग हाय का अजून?"

"हाय," गौतम म्हणाला. मग त्यानं मुलीला पलीकडं सरकायला सांगितलं आणि बाकावरची मोकळी झालेली जागा हातानं पुसली. "सांडायलंय ते. ठेव इथं, आन् बस."

शिंदे बसला. दोघंही मान खाली घालून जेवू लागले. मी नारळ आणि शाल घेऊन दारापाशी उभा होतो. तेवढा वेळ गौतमनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.